कल्याणच्या कोषाध्यक्षाने शोधलेले कामाचे समाधान

वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजेच अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, कर्नाटकात आणि लगतच्या मराठी मुलखात महात्मा बसवेश्वरांची जयंती साजरी होते. काही वर्षी ही तिथी १ मेच्या कामगार दिनाला अगदी खेटून येते. तो पंचांगाचा योगायोग असला तरी निरर्थक नाही. आपल्या रोजच्या कामात समाधान का मिळत नाही, हा प्रश्न आज आपण नोकरी, पगार आणि बढती यांच्या भाषेत विचारतो. साडेआठशे वर्षांपूर्वी एका राज्याच्या खजिन्याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला आणि त्याचे उत्तर जगून दाखवले. त्या उत्तराची किंमतही त्याला मोजावी लागली.

हे सारे जेथे घडले ते कल्याण नगर आज बसवकल्याण या नावाने बिदर जिल्ह्यात आहे. बिदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाचे सीमावर्ती जिल्हे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण या तालुक्यांत आजही घरोघरी मराठी बोलली जाते. पलीकडे उमरगा, निलंगा, उदगीर आणि आळंदच्या बाजूने अक्कलकोट. बाजारात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू या चारही भाषा कानी पडतात. या मुलखात बसवेश्वरांचे नाव भाषेची सीमा ओलांडून घेतले जाते.

बागेवाडीचा मुलगा

बसवेश्वरांचा जन्म आजच्या विजयपूर जिल्ह्यातील बागेवाडी येथे झाला. जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी इ. स. ११३१ हे वर्ष सर्वसाधारणपणे धरले जाते. वडील मादरस हे गावचे प्रतिष्ठित शैव ब्राह्मण, आई मादलांबिका. थोरली बहीण नागम्मा हिचा त्यांच्या आयुष्यावर मोठा प्रभाव राहिला.

त्यांचे चरित्र आपल्यापर्यंत आले ते प्रामुख्याने भक्तकवींच्या लेखणीतून. १३व्या शतकातील हरिहर या कन्नड कवीचे रगळे काव्य, पालकुरिकी सोमनाथाचे तेलुगू बसवपुराण आणि १३६९ मध्ये भीमकवीने रचलेले कन्नड बसवपुराण ही त्याची मुख्य साधने. त्यांत चमत्कार आहेत आणि प्रसंगांचे तपशीलही एकमेकांशी नेहमी जुळत नाहीत. पण त्यांतून उभी राहणारी व्यक्तिरेखा मात्र स्पष्ट आहे. मुंजीचा प्रसंग पाहा. एका परंपरेनुसार आठ वर्षांच्या बसवाने मुंज करून घेण्यासच नकार दिला. जो संस्कार बहिणीला मिळत नाही तो आपल्याला कशासाठी, असा त्याचा सवाल होता. दुसऱ्या कथेनुसार पुढे तरुणपणी त्याने जानवे उतरवून ठेवले. कथा कोणतीही घ्या, जन्माने मिळणारा मोठेपणा त्याला नको होता, हे दोन्हींत समान आहे.

घर सोडून तो कृष्णा आणि मलप्रभा यांच्या संगमावर, कूडलसंगम येथे गेला. तेथील गुरूंच्या सहवासात अध्ययन आणि संगमेश्वराची पूजा यांत काही वर्षे गेली. ती त्याच्या आयुष्यातील सर्वांत निवांत वर्षे असावीत. नदीकाठ, मंदिर, ग्रंथ आणि एकांत; आज अनेकांना नोकरीच्या धकाधकीतून सुटून जेथे जावेसे वाटते तेच हे ठिकाण. बसवेश्वरांच्या आयुष्याला मात्र येथेच वळण मिळाले. हरिहर सांगतो की, स्वप्नात संगमेश्वराने त्याला मंगळवेढ्यास बिज्जल राजाकडे जाण्याची आज्ञा केली आणि ती ऐकून बसव व्याकूळ झाला. देवाचे सान्निध्य सोडून कचेरीत बसायचे, ही कल्पनाच त्याला सहन होईना. तरीही तो गेला.

मंगळवेढ्याची कचेरी

मंगळवेढा आज सोलापूर जिल्ह्यात आहे. मराठी वाचकाला हे गाव दामाजीपंतांमुळे, चोखोबांमुळे आणि कान्होपात्रेमुळे परिचित आहे. त्या संतांच्या आधी, १२व्या शतकात, ते कलचुरी घराण्याचे ठाणे होते. बिज्जल हा कल्याणच्या चालुक्यांचा मांडलिक तेथून कारभार पाहत असे. बसवेश्वरांचे मामा बलदेव हे त्याच्या दरबारातील मंत्री होते. असे असूनही कथेनुसार बसवेश्वरांना नोकरी मिळाली ती मामाच्या ओळखीने नव्हे, तर हिशेबातील कौशल्यामुळे. कचेरीत कारकून हिशेब करीत असताना त्यातील चूक या नवख्या तरुणाने दाखवून दिली आणि त्याला करणिकाचे, म्हणजे हिशेबनीसाचे काम मिळाले.

ज्या माणसाला आपण धर्मसंस्थापक, समाजसुधारक आणि कवी म्हणून ओळखतो, त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे हिशेबाच्या वह्यांत घालवली, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. महसुलाची जमा, सैन्याचा खर्च, इनामांच्या नोंदी, धान्याचा साठा यांत मन रमावे असे वरवर पाहता काहीच नसते. कूडलसंगमच्या एकांतातून आलेल्या तरुणाला तर हे काम शिक्षाच वाटली असती, तर नवल नव्हते. येथेच त्यांच्या विचाराचे बीज पडले असावे. काम आणि उपासना हे दिवसाचे दोन वेगळे तुकडे मानले की कामाचा तुकडा ओझे होतो आणि उपासनेचा तुकडा पळवाट होतो. हे दोन तुकडे जोडले तरच दिवस आपला होतो. संगमावरून निघताना जी ताटातूट त्यांना असह्य झाली होती, ती त्यांनी कचेरी सोडून मिटवली नाही. कचेरीचे कामच त्यांनी पूजेच्या पातळीवर नेले.

बलदेव मंत्र्यांची मुलगी गंगांबिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला; दुसरी पत्नी नीलांबिका. दोघींनीही पुढे वचने रचली. बसवेश्वर पायरी पायरीने वर चढत राज्याचे कोषाध्यक्ष झाले. ११६० च्या आसपास बिज्जलाने दुबळ्या झालेल्या चालुक्यांची सत्ता हाती घेतली आणि कल्याणला आपले आसन मांडले. खजिन्याबरोबर बसवेश्वरही कल्याणला आले.

राजधानीतले वेगळे घर

कल्याण हे तेव्हा दक्षिणेतील मोठे नगर होते. ११व्या शतकात चालुक्यांनी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, येथून राजधानी येथे हलवली होती. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारात काश्मीरहून आलेल्या बिल्हणाने विक्रमांकदेवचरित लिहिले, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, तर त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास रचला. या राजधानीशी गोमंतकाचाही संबंध होता. गोव्याचे कदंब हे चालुक्यांचे मांडलिक. विक्रमादित्याची मुलगी मैलळदेवी गोव्याच्या दुसऱ्या जयकेशीला दिली होती आणि बसवेश्वर कल्याणला होते त्या काळात तिचा मुलगा शिवचित्त पेर्माडी गोव्यावर राज्य करीत होता.

वारसा, वर्ण आणि अधिकार यांची काटेकोर मांडणी करणारा मिताक्षरेसारखा ग्रंथ ज्या नगरात लिहिला गेला, त्याच नगरात दोन पिढ्यांनंतर बसवेश्वरांच्या घराचे दार कोणत्याही वर्णाच्या माणसाला उघडे राहिले. तेथे परीट येत, नावाडी येत, चर्मकार येत, बुरूड येत, सूत कातणाऱ्या स्त्रिया येत. अल्लमप्रभूंसारखे योगी, अक्कमहादेवींसारख्या विरक्त स्त्रिया आणि सोन्नलिगे, म्हणजे आजच्या सोलापूरचे सिद्धरामेश्वर तेथे आले. पुढील ग्रंथांत या सभेचे वर्णन अनुभवमंटप म्हणून येते. अल्लमप्रभू हे तिचे अध्यक्ष. जन्माने वेगवेगळ्या ठिकाणी असलेली ही माणसे शरण या एका नावाने ओळखली जाऊ लागली. आपला अनुभव ते साध्या कन्नडमध्ये छोट्या गद्यकाव्यांत मांडीत, तीच वचने. वचने रचणाऱ्यांत तीसहून अधिक स्त्रिया होत्या.

राजाच्या नोकराच्या घरी अशी मंडळी जमू लागल्यावर कुजबुज होणारच. बसवेश्वर शिवभक्त नसलेल्या राजाची चाकरी करतात, असा आक्षेप एका बाजूने आला. ते राजाचा खजिना शरणांवर उधळतात, अशी तक्रार दुसऱ्या बाजूने बिज्जलापर्यंत पोहोचली. पहिल्याला त्यांनी वचनांतून उत्तर दिले: आपली चाकरी पोटाच्या लोभासाठी नसून शरणांच्या सेवेसाठी आहे. दुसऱ्याचे उत्तर वह्यांनी दिले. कथेनुसार बिज्जलाने खजिन्याची मोजदाद करवली आणि एका नाण्याचाही फरक निघाला नाही. पुराणकारांनी या प्रसंगाला चमत्काराचे रूप दिले आहे. तो बाजूला ठेवला तरी जो उरतो तो कोणत्याही हिशेबनीसाला हेवा वाटावा असा क्षण आहे. आपले काम स्वच्छ आहे हे माहीत असणे आणि ते तपासले जात असताना निर्धास्त उभे राहता येणे, हे कामातले एक मोठे सुख आहे.

कायक आणि दासोह

बसवेश्वर आणि शरणांनी कामासाठी वापरलेला शब्द म्हणजे कायक. काया म्हणजे शरीर. शरीर झिजवून, प्रामाणिकपणे, ठरवून पत्करलेले काम ते कायक. पोटासाठी केलेले प्रत्येक काम कायक ठरत नाही. फसवणुकीचे काम, दुसऱ्याला लुबाडणारे काम, केवळ साठवण्यासाठी केलेले काम यांना हे नाव नाही. ज्याला हे नाव आहे ते काम मात्र कोणतेही असो, त्यात उच्चनीच नाही. कैलास म्हणून जे शोधायचे ते या कामातच आहे, असे शरण मानीत. कामात मग्न असताना गुरू, लिंग आणि जंगम यांचाही विसर पडला तरी चालेल, इथपर्यंत त्यांच्यातील एक जण गेला.

श्रमाला धर्माची जोड देणारे जगात इतरही झाले. ६व्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी प्रार्थनेबरोबर हातांचे काम नेमून दिले. ते मठाच्या भिंतींआड, घरदार सोडलेल्यांसाठी होते. शरणांचे कायक बाजारपेठेत, नदीच्या घाटावर आणि मुलाबाळांच्या संसारात होते.

कोण होते हे शरण? मडिवाळ माचिदेव कपडे धूत. अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत. मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणीत. मोळिगे मारय्या लाकडाच्या मोळ्या विकीत. सत्यक्का रस्ता झाडीत असे आणि झाडताना सोने वा वस्त्र सापडले तरी त्याला हात लावणार नाही, असा तिचा निर्धार तिच्या वचनात येतो. नुलिय चंदय्या गवताच्या दोऱ्या वळून विकीत. दोरीच्या खऱ्या किमतीपेक्षा अधिक रक्कम मिळाली तेव्हा त्याने ती परत करायला लावली, अशी कथा आहे.

या नावांत एक गोष्ट ठळकपणे दिसते. यांतील बहुतेकांच्या नावाला त्यांचा व्यवसाय जोडलेला आहे. ज्या व्यवसायामुळे समाज त्यांना खालचे मानीत होता, तोच व्यवसाय त्यांनी नावापुढे मानाने मिरवला. नंतर एका शतकाने आपल्याकडे गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी या वारकरी संतांच्या नावांतही हेच घडले.

कायकाची दुसरी बाजू म्हणजे दासोह. स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्यातून गरजेपुरते ठेवायचे आणि उरलेले समाजात वाटायचे. यात देणारा वर आणि घेणारा खाली असे नाते नाही. म्हणूनच शरणांनी दान हा शब्द टाळून दासोह हा शब्द पत्करला. देताना अहंकार शिरला की दासोह बिघडतो. कलबुर्गीतील शरणबसवेश्वर हे १८व्या शतकात जन्मलेले संत मुळात शेतकरी होते. शेतातले धान्य गरजूंना आणि पाखरांनाही मोकळे ठेवल्याच्या त्यांच्या कथा त्या भागात आजही सांगितल्या जातात. त्यांच्या मंदिरात दासोहाची परंपरा अजून चालू आहे.

पुरेसे म्हणजे किती?

कामाच्या समाधानाविषयी या चळवळीतील सर्वांत बोलकी कथा आहे ती आयदक्की मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा यांची. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. हे गरीब जोडपे रायचूर भागातून कल्याणला आले होते. बसवेश्वरांच्या वाड्याच्या अंगणात सांडलेले तांदूळ मारय्या रोज वेचून आणी. ते शिजवून लक्कम्मा आलेल्या शरणांना जेवू घाली आणि मग दोघे जेवत. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. बसवेश्वरांनीच मुद्दाम जास्त तांदूळ सांडून ठेवले होते, असे सांगतात. लक्कम्माने ते पाहताच नवऱ्याला विचारले की, ही हाव आपल्या घरात कोठून आली? आपल्याला रोज लागते तेवढे पुरे. उरलेले जेथून आणले तेथे टाकून यावे. मारय्या परत गेला आणि जादा तांदूळ ठेवून आला.

राज्याचा कोषाध्यक्ष आणि तांदूळ वेचणारी बाई यांच्यात येथे शहाणे कोण ठरले, हे सांगायला नको. बसवेश्वरांची उदारता खरी होती. पण त्या उदारतेने तिच्या कष्टाचा स्वाभिमान दुखावला गेला असता. आपल्या श्रमाचे मोल आपण ठरवू, दया म्हणून वाढवून दिलेले नको, हा तिचा आग्रह. बसवेश्वरांचे मोठेपण असे की, त्यांच्या परंपरेने ही कथा लपवली नाही. लक्कम्माची वचने बसवेश्वरांच्या वचनांच्याच बरोबरीने जपली गेली.

पुरेसे म्हणजे किती, हे ज्याला ठरवता येते त्याच्या कामाला शेवट असतो आणि शेवट असलेल्या कामातच तृप्ती मिळते. ज्याला ते ठरवता येत नाही त्याचे काम कधीच संपत नाही. पगार वाढला तरी नाही.

हा उपदेश उपाशी माणसाला थोड्यात समाधान मानायला सांगणारा नाही, हे मात्र ध्यानात घ्यायला हवे. लक्कम्माला कोणी समाधानी राहा असे सांगितले नव्हते. तिने आपली मर्यादा स्वतः आखली होती, आणि ज्या सभेत तिचे ऐकले जात होते तेथे ती कोणापेक्षा कमी नव्हती. ही समता काढून घेतली की तेच समाधान शोषणाचे हत्यार होते. याचे कठोर उदाहरण बसवेश्वर जेथे कारकून होते त्या मंगळवेढ्यातच मिळते. संत चोखामेळा तेथे गावकुसाच्या भिंतीच्या कामावर राबत असताना ती कोसळून, परंपरेनुसार १३३८ मध्ये, तिच्याखाली गाडले गेले. चोखोबांच्या भक्तीत आणि कष्टात काही उणे नव्हते. उणे होते ते त्यांच्या कष्टाला मिळणाऱ्या मानात.

चपला आणि लग्न

बसवेश्वरांना हे कळले होते, म्हणूनच ते तेथे थांबले नाहीत. हरळय्या हा कल्याणमधील चर्मकार शरण. त्याने एकदा बसवेश्वरांना नमस्कार केला, तेव्हा बसवेश्वरांनी उलट दोनदा नमस्कार केला. हरळय्या अस्वस्थ झाला. कोषाध्यक्षाचे हे ऋण फेडायचे कसे? त्याने आणि त्याच्या पत्नीने आपल्याच मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी चपला शिवल्या, अशी कथा बसवकल्याण परिसरात आजही सांगितली जाते. बसवेश्वरांनी त्या पायात न घालता मस्तकी लावल्या. कथा अंगावर काटा आणणारी आहे. एका साध्या, बरोबरीच्या नमस्काराची त्या चर्मकाराला केवढी भूक होती, हे तिच्यातून कळते. आयुष्यभर उत्तम चपला शिवूनही जे मिळाले नव्हते ते त्या एका क्षणात मिळाले होते.

यानंतरचा प्रसंग कल्याणला हादरवणारा ठरला. हरळय्याचा मुलगा शीलवंत आणि जन्माने ब्राह्मण असलेले मंत्री मधुवरस यांची मुलगी यांचा विवाह ठरला. शरण झाल्यावर दोन्ही कुटुंबांना पूर्वीची जात उरलीच नव्हती, त्यामुळे शरणांच्या दृष्टीने हा विवाह सरळ होता. सनातन्यांच्या दृष्टीने तो प्रतिलोम, म्हणजे अक्षम्य. सभेत एकत्र बसणे, एकत्र जेवणे, एकमेकांच्या कामाचा गौरव करणे येथवर समाजाने कसेबसे सहन केले होते. कामाची समता घराच्या उंबरठ्यावर आली तेव्हा मात्र सहनशीलता संपली. बिज्जलाने हरळय्या आणि मधुवरस यांना देहान्ताची शिक्षा दिली. परंपरा सांगते की, त्यांना हत्तीच्या पायाला बांधून फरफटत नेण्यात आले.

११६७-६८ च्या सुमारास कल्याण पेटले. बिज्जलाचा अंत झाला आणि त्याच्या मुलाच्या सैन्याने शरणांचा पाठलाग सुरू केला. बसवेश्वर त्याआधीच पद सोडून कूडलसंगमला परतले होते. जेथून व्याकूळ होऊन कचेरीत गेले, त्याच संगमावर त्यांची जीवनयात्रा संपली.

उळवीची वाट

शरण चहूकडे पांगले. त्यांचा एक जथा बसवेश्वरांचा भाचा चन्नबसवण्णा याच्या नेतृत्वाखाली वचनांची ताडपत्रे जपत पश्चिमेकडे निघाला. वाटेत मलप्रभेच्या काठी, कादरवळ्ळीजवळ पाठलाग करणाऱ्या सैन्याशी चकमक झाल्याचे सांगतात. अखेर हा जथा सह्याद्रीच्या दाट रानात, उळवी येथे पोहोचला. उळवी आज उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, म्हणजे आपल्या सांगे आणि काणकोणच्या सीमेपलीकडे आहे. चन्नबसवण्णाची समाधी तेथे आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी जत्रा भरते आणि उत्तर कर्नाटकातील शेतकरी बैलगाड्या जुंपून तेथे येतात. ज्यांच्या कष्टाला प्रतिष्ठा द्यायची म्हणून हे सारे घडले, तेच आजही त्या वाटेने चालतात.

ताडपत्रांवरील वचने पुढे मठामठांतून आणि घराघरांतून विखुरली. २०व्या शतकात विजयपूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी गावोगाव हिंडून, स्वतःची मिळकत खर्ची घालून ती गोळा केली. १९२३ मध्ये त्यांचा वचनशास्त्रसार प्रसिद्ध झाला आणि विस्मृतीत गेलेले नावाडी, परीट आणि झाडूवाल्या स्त्रिया पुन्हा बोलू लागल्या. २००३ मध्ये बसवेश्वरांचा पुतळा संसद भवनाच्या आवारात उभा राहिला. बसवकल्याणला आज त्यांची १०८ फूट उंचीची मूर्ती आहे.

मूर्तीची उंची वाढणे सोपे असते. बसवेश्वरांचा प्रश्न मात्र आपल्या अंगणात जसाच्या तसा आहे. माडावर चढायला पाडेली मिळत नाही, अशी तक्रार गोव्यात घरोघरी ऐकू येते. पण आपल्या मुलाने पाडेली व्हावे असे क्वचितच कोणाला वाटते. रेंदेर, पोदेर, कुंभार, गवंडी यांच्या कामाचे कौतुक आपण लेखांतून आणि प्रदर्शनांतून करतो आणि लग्नाच्या बोलणीत मात्र सरकारी नोकरी विचारतो. त्याच वेळी त्या नोकरीत बसलेल्यांपैकी कित्येकांना आपल्या कामात मन लागत नाही, याचे नवल करतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या समाजात काही कामे हलकी ठरतात तेथे उरलेली कामे केवळ हलकेपणातून सुटण्यासाठी केली जातात. आणि सुटकेसाठी केलेल्या कामात समाधान येणार कोठून?

बसवेश्वरांकडे पद होते, पगार होता, राजाचा विश्वास होता. आपल्यापुरते समाधान मिळवून ते सुखाने निवृत्त होऊ शकले असते. तांदूळ वेचणारीचा शब्द आणि चपला शिवणाऱ्याचा नमस्कार आपल्याइतकाच मोलाचा ठरत नाही तोवर आपल्या हिशेबाच्या वहीलाही पूर्ण अर्थ नाही, हे त्यांनी ओळखले. उद्या सकाळी आपल्या दारात पाव घेऊन येणाऱ्याकडे, कचरा उचलणाऱ्याकडे, कार्यालयात चहा आणून देणाऱ्याकडे आपण कसे पाहतो, तेथून आपल्या स्वतःच्या कामाच्या समाधानाचा हिशेब सुरू होतो.